गोदाबाईच्या सुपातला खडा

मित्रांनो, मी एक जुना खडा आहे. तुरीच्या डाळीएवढा, डाळीच्याच रंगाचा आणि डूख धरणारा. दर्यापूरजवळच्या एका खळ्यावरून मी तुरीबरोबर पोत्यात शिरलो आणि महादेवरावांच्या कोठीत येऊन पडलो.

त्यांची बायको गोदाबाई ही माझी वैरीण. ती दारात सूप घेऊन बसली की खडा वाचत नसे. माझे अकरा भाऊ तिने एका सकाळी चिमटीत धरून नालीत फेकले. मी कोठीच्या बुडाशी होतो म्हणून राहिलो. गल्लीत लग्न निघालं की डाळ निवडायला आधी गोदाबाईला बोलावणं. तिच्या हातची डाळ डोळे मिटून खावी, असं लोक म्हणत. ते ऐकून माझ्या अंगाची आग व्हायची. हिचं नाक कापल्याशिवाय राहणार नाही, अशी मी शपथ घेतली आणि दबा धरून बसलो.

बाईने सत्तेचाळिशी गाठली आणि माझे दिवस फिरले. मांडीवरचं सूप आधी गुडघ्यावर गेलं, मग ती ते हात लांब करून उन्हात धरू लागली. सून पौर्णिमा म्हणाली, आई, डोळे तपासून घ्या. तर बाईने तिलाच झापलं. मी दूरची एसटीची पाटी वाचते, मला काय धाड भरली, यंदाची डाळच बारीक आली, म्हणे! मी तिच्या बोटांखालून तीनदा गेलो. तिला पत्ताही नाही.

शेजारच्या शालूच्या लग्नाची डाळ निवडायला गोदाबाई आपलं सूप घेऊन गेली, तेव्हा सुपाच्या फटीतून मी त्या डाळीत उतरलो आणि लग्नात डाव साधला. वरणातून थेट नवरीच्या आजोबांच्या, पुंजारामबुवांच्या तोंडात. कट्ट! म्हाताऱ्याचा समोरचा दात गेला. पंगत थांबली आणि सगळे गोदाबाईकडे पाहू लागले. काय सांगू, असा गारवा मला जन्मात वाटला नव्हता.

गोदाबाईने सरळ सुनेवर ढकललं, डाळ हिने निवडली म्हणून. पोरीचे डोळे भरले, पण ती उलटून बोलली नाही. पुंजारामबुवांनी मला गोदाबाईच्या तळहातावर ठेवलं.

"पाह्य बरं, केवढा हाय."

बाईने हात जवळ घेतला, लांब नेला, पुन्हा जवळ घेतला. मी मधोमध बसलो होतो.

"कुठी हाय?" ती म्हणाली. मग ती सुनेकडे वळली. "पौर्णिमा, मले दिसून नाही राह्यलं वं. डाय मीच निवडली."

तिचं रडू माझ्यावर सांडलं. मला तरीही दया आली नाही.

दुसऱ्या दिवशी सासू-सुना अमरावतीला गेल्या. मी पदराच्या गाठीत होतो. डॉक्टरीणबाईंनी समजावलं की चाळिशीनंतर डोळ्यातलं भिंग ताठर होतं, जवळचं दिसत नाही. हे सगळ्यांचंच होतं, यात लाज कसली? चष्मा लावून बाईने गाठ सोडली आणि माझ्याकडे रोखून पाहिलं.

"हाच का तो मेला!"

आता मी चष्म्याच्या डबीत राहतो. निवडायला बसली की ती आधी मला सुपात टाकते आणि सगळ्यात पहिले मलाच उचलते. समोर पौर्णिमा हसत असते. रोज हा अपमान!

तर मित्रांनो, एक कळकळीची विनंती. तुमच्या घरी कोणी हात लांब करून औषधाची बाटली वाचत असेल, सुईत दोरा ओवायला तुम्हाला हाक मारत असेल, तर त्यांना डोळे तपासा म्हणून अजिबात सांगू नका. माझे पुष्कळ भाऊ अजून तुमच्या डाळीत आहेत.