काय हवंय, ताई?

दार उघडं होतं आणि आत मिट्ट काळोख.

‘कुणी नाही वाटतं,’ ती स्वतःशीच पुटपुटली, आणि खरं सांगायचं तर तिला हायसं वाटलं. डोळ्यांच्या डॉक्टरांनी चिठ्ठीवर लिहून दिलेला पत्ता विचारत विचारत, दोन जिने चढून ती आली होती. आता घरी जाऊन आईला सांगता येणार होतं, गेले होते गं, पण कुणीच नव्हतं.

तेवढ्यात काळोखातून कुणीतरी खुदकन हसलं. मग दुसरं, मग अख्खी खोलीच.

“अगंबाई, दिवा लावायचा राहिला की!” एका मुलीचा आवाज आला. “अंधार पडला का बाहेर? आम्हाला मेलं कळतच नाही.”

“स्विच दाराच्या डाव्या अंगाला,” एक जाडाभरडा आवाज म्हणाला. “ज्याला थोडंफार दिसतं त्यानं दिवा लावायचा. इथला कायदाच आहे तसा.”

तिने चाचपडत दिवा लावला. तिची नजर आता किल्लीच्या भोकाएवढीच उरली होती, त्यामुळे माणसं एकदम दिसली नाहीत. एकेक चेहरा वेचावा लागला. सात-आठ जण होते, सगळे तिच्याच वयाचे, नजर गेलेले किंवा जात चाललेले. बाहेरच्या जगात ती धांदरट, वेंधळी, कुठे लक्ष असतं देव जाणे. इथे पाऊल टाकताच ती सगळ्यांत डोळस ठरली होती!

जाड्याभरड्या आवाजाला सगळे रेडिओ म्हणत. इस्पितळात टेलिफोनवर बसायचा, आणि इथेही तोंडाला विश्रांती नसायची. दिवा राहिला म्हणणारी ती वकीलीण, अजून कायदा शिकत होती.

“तू काय करतेस?” वकीलिणीने विचारलं.

“शिवणसामानाच्या दुकानात बटणं जुळवते. तीन वर्षं झाली. बोटांनीच जुळवते. लाकडाचं, शिंपल्याचं, दोन भोकांचं, चार भोकांचं.”

“आणि मालकांना ठाऊक आहे?”

ती म्हणाली, “मालकीणबाई आहेत. नाही ठाऊक. आई म्हणते, बोललीस तर नोकरी जाईल. आणि आता सोमवारपासून बाई मला पुढे बसवणार आहेत, दोऱ्यांचे रंग जुळवायला. मला काळा आणि गडद निळा सारखाच. म्हणजे सांगायला तरी हवं, नाहीतर आपणहून सोडायला तरी.”

“थापा कुठल्या कुठल्या मारल्यास आत्तापर्यंत?” वकीलिणीने इतक्या आस्थेने विचारलं, की जणू विणकामाचा टाका विचारत होती.

“उन्हातून आले, डोळे दिपले.”

“जुनी!” रेडिओ म्हणाला. “मी कॉलेजभर वापरली.”

“मान अवघडलीय.”

“तीही!”

“विचारात...”

“...होते!” खोलीने एका सुरात पुरं केलं.

आपली एकटीची म्हणून जी लबाडी तिने इतकी वर्षं पोटाशी धरली होती, ती इथे सगळ्यांच्या घरची निघाली. छातीवरचा दगड जरासा हलला, आणि त्याखालची गोष्ट आपसूक बाहेर आली.

“आमच्या दुकानात दाराशी पुतळा आहे, लांब कोट घातलेला. मी त्याला विचारलं, काय हवंय, ताई? बोलेना. पुन्हा विचारलं. तिसऱ्यांदा म्हटलं, अहो ताई, घ्यायचं नसेल तर निदान वाट तरी सोडा!”

त्या दिवशी घरी जाऊन ती उशीत तोंड खुपसून रडली होती. इथे मात्र हास्याचा असा लोट उसळला, की कुणाची तरी खुर्चीच कलंडली.

“मी एकदा खांबाला सॉरी म्हटलं,” रेडिओ धापा टाकत म्हणाला, “आणि लगेच पुढच्या गृहस्थांना खांब समजून टेकलो!”

ती हसली, पोट दुखेपर्यंत हसली. डोळ्यांना पाणी तेच, पण चव न्यारी.

मग सोमवारी बाईंना सांगायची तालीम सुरू झाली. रेडिओ मालकीणबाई झाला, आवाज चिरका करून म्हणाला, “बोल गं पोरी, काय काम काढलंस?”

“बाई, माझ्या चष्म्याचा नंबर...”

“खोटं!” सगळे ओरडले.

“बाई, मला हल्ली जरा...”

“‘जरा’ काढ,” वकीलीण म्हणाली. “साक्षीदार ‘जरा’ म्हणाला, की खटला बुडालाच.”

नवव्या खेपेला ती ताठ उभी राहिली. “बाई, मला कमी दिसतं. पुढे आणखी कमी दिसणार आहे. पण बटणांचं काम मला येतं, आणि मला ते करायचंय.”

रेडिओ चिरका आवाज विसरला. “ठेवली तुला,” तो म्हणाला.

सोमवारी तिने पिशवीच्या तळाशी चार महिने घडी घालून लपवलेली पांढरी काठी उघडली आणि टकटक करत दुकानात शिरली. काउंटरपाशी उभी राहून ती वाक्यं म्हणाली. ‘जरा’ न घालता.

मालकीणबाई मापाची फीत बोटाला गुंडाळू लागल्या.

“तीन वर्षं खोटं बोललीस माझ्याशी.”

“हो, बाई.”

“आणि बटण एकदाही चुकलं नाही?”

“नाही.”

“म्हणजे त्या दिवशी तू त्या पुतळ्याशी खरंच भांडत होतीस! मला वाटलं, पोरगी एकटीच गंमत करतेय.” मग त्यांचा आवाज खाली आला. “पुढची खुर्ची नाही गं देता यायची तुला.”

“माहीत आहे.”

तरीही ते लागलं. ती खुर्ची तिला मनापासून हवी होती.

“बटणं तुझीच,” बाई म्हणाल्या. “दुसऱ्या कुणाला हात लावू द्यायची नाही मी. आणि ती काठी अशी वाटेत ठेवू नकोस, गिऱ्हाईक धडपडेल.” त्या स्वतः उठल्या, काठी घेऊन दारापर्यंत गेल्या, आणि तिची दोरी पुतळ्याच्या वाकवलेल्या हातात अडकवून आल्या.

संध्याकाळी काम आटोपून ती दाराशी गेली. कोटाची बाही चाचपली, काठी सोडवून घेतली.

“येते हं, ताई,” ती पुतळ्याला म्हणाली. मागे मालकीणबाईंना हसू आवरेना. तिने हलक्या हाताने कोटाची कॉलर सारखी केली आणि पायऱ्या उतरली.