ठमाबाईचा अंगठा

बंदर परदेशी कंपनीने घेतलं आणि कामगारांच्या विधवांना दरमहाचं पेन्शन सोडून पैसे शेअर बाजारातल्या फंडात घालायला सांगितलं. ठमाबाईने साफ नकार दिला. पण बायकांच्या संमतीचे अंगठे आणून देणाऱ्याचा मालवाहू ट्रेलर कंपनीत भाड्याने लागणार होता, म्हणून तिचाच मुलगा परेश ठशाचं मशीन घेऊन घरात शिरला. ती पाट्यावर मसाला वाटत होती.

"आये, लाव अंगठा."

"तुझा बापूस धक्क्यावर चिरडून मेला. त्याचं पेन्शन जुगारात लावू व्हय रं?"

परेशने तिचं मनगट पिरगाळलं. हाड कडकडलं, तरी तो अंगठा मशीनवर दाबतच राहिला. तिने दुसऱ्या हाताने वरवंटा उचलला आणि त्याच्या बोटांवर घातला. परेश गुरासारखा ओरडला.

"बोंबलू नको, मेल्या," ती म्हणाली, "अजून मशीन फोडायचं हाय."