वीतभर आत

"कोलमन, तुला काही दिसलेलं नाही! ऐकलंस?" गोलच्या जाळीमागून मॉसी किनेन ओरडला.

मॉसी हा किलब्रॅनोग क्लबचा अध्यक्ष. कोलमन दुधाच्या टँकरवर ड्रायव्हर, साठीला आलेला, आणि तीस वर्षं क्लबचं मैदान फुकट राखणारा. आज मात्र त्याच्या अंगात गोलपंचाचा पांढरा कोट होता. रेफरीने सोबत आणलेला एक पंच तापाने पडला, तेव्हा विरुद्ध संघाचे, ड्रमसॅला क्लबचेच लोक म्हणाले होते, "कोलमनला उभा करा. तो खोटं बोलायचा नाही."

अख्खा हंगाम किलब्रॅनोगने मारच खाल्ला होता. काठीने चेंडू मारायच्या हर्लिंग या आयरिश खेळातला तो आधीच खालचा गट. त्यात चार सामने हरलेले, एक चिखलात कसाबसा बरोबरीत सुटलेला. आजचा सामना हरेल त्याने तळाच्या गटात जायचं. तिथे गेलेल्या क्लबातली पोरं पांगतात, हे गावाला ठाऊक होतं.

मिनिटभर उरलं होतं आणि किलब्रॅनोग दोन गुणांनी पुढे होतं. गोलाचे गुण तीन. उंचावरून आलेला चेंडू गोलकीपर फर्गलच्या स्टिकला लागून मागे घरंगळला. फर्गलने झेप घेऊन तो बाहेर ओढला आणि लांब भिरकावला. फर्गल म्हणजे कोलमनच्या मेलेल्या बहिणीचा मुलगा. चेंडू रेषेच्या चांगला वीतभर आत गेला होता. गोलच्या दुसऱ्या खांबाजवळच्या पंचाला खेळाडूंच्या गर्दीत काहीच दिसलं नव्हतं.

रेफरी धावत आला. "काय झालं?"

"गोल," कोलमन म्हणाला, आणि वाकून त्याने गोलाचा हिरवा झेंडा उचलला.

किलब्रॅनोग एका गुणाने हरलं. दुसऱ्या दिवशी त्याच्या गाडीच्या काचेवर शेण फासलेलं होतं. दुकानात बोलणं चालू असे, तो आत शिरला की थांबे. तिसऱ्या संध्याकाळी फर्गल मागच्या दाराने आला.

"मामा, चेंडू आत गेला होता. मी बघितला ना."

"मग उद्या क्लबच्या सभेत एवढंच सांग."

फर्गल चहाच्या कपात बघत राहिला. "मला याच गावात राहायचंय, मामा."

"आणि मी कुठे राहतो रे?"

फर्गल उठला. गल्लीत कुणी नाही असं बघून आला तसाच मागच्या दाराने गेला.

सभेला चर्चचा हॉल भरला होता. मॉसी गोड आवाजात म्हणाला, "कोलमनने पुष्कळ केलं. आता त्याने विश्रांती घ्यावी. मैदानाच्या किल्ल्या दुसऱ्याकडे देऊ."

"ड्रमसॅलात जाऊन गवत काप म्हणावं!" मागून कुणीतरी म्हणालं. हशा पिकला.

"बाजूने असतील त्यांनी हात वर करा."

हात वर झाले. फर्गल जमिनीकडे बघत होता.

"फर्गल, तुझं काय रे बाळा?" मॉसीने विचारलं.

सगळ्या माना वळल्या. फर्गलने हळूच हात वर केला.

"म्हणजे एकमत," मॉसी म्हणाला.

कोलमनने किल्ल्या टेबलावर ठेवल्या. मग आपली खुर्ची मिटून भिंतीला लावली. शेजारची खुर्ची सभाभर रिकामीच होती. तीही त्याने मिटली, पहिलीला नीट टेकवून ठेवली, आणि टोपी घालून तो बाहेर पडला.