दाओची बाटली

आमच्या ईशानीचं नाक लहानपणापासून तिखट. इथे उत्तरेत, आमच्या दूधविनायकाच्या गल्लीत कोणाची आमटी लागली, हे ती घरात बसून सांगायची. पण त्याच नाकावर ती पोट भरेल, तेही दारूच्या वासावर, असं कोणी म्हटलं असतं तर मी त्याला वेड्यात काढलं असतं. हे वेदपाठशाळेत शिकवणारे, मी सोवळ्यात स्वयंपाक करणारी, आणि आमची लेक पोर्तुगालमध्ये पाहुण्यांना द्राक्षमळे दाखवत, वाइनचे वास समजावत हिंडते! नातेवाइकांत मी सांगायची, टुरिझममध्ये आहे.

फोनवर ती मला तो सगळा देश फिरवायची. मी नाक मुरडत ऐकायची, पण ऐकायची. दोरो नदीकाठी डोंगर कापून केलेल्या पायऱ्या, आपल्या नदीच्या घाटांसारख्या, आणि त्यांवर वेली. उत्तरेला मिन्योत जुन्या वेली झाडांवर चढवलेल्या. दक्षिणेत आलेन्तेजूला उन्हाचा कहर, तिथे काही जण अजून मातीच्या रांजणांत वाइन करतात. तिचा सगळा जीव मात्र दाओ नावाच्या भागावर. चहूकडून डोंगर, मधे मळे.

हिवाळ्यात तिला साधा ताप आला. ताप उतरला आणि वास गेला. वासाशिवाय ते काम कसलं करणार? कंपनीने उन्हाळ्यापर्यंत रजा दिली, ती घरी आली. खरं सांगते, आधी मला बरंच वाटलं. पोरगी डोळ्यांसमोर राहील, इडापिडा टळली. डॉक्टर म्हणाले, वास परत येईल किंवा येणारही नाही. रोज सराव करा. मग मी सकाळ-संध्याकाळ तिच्या नाकाशी लवंग, लिंबू, गुलाब धरायला लागले.

"आला?"

"कुछ नहीं, आई."

रजा संपत आली तेव्हाची गोष्ट. ती स्वयंपाकघरात पुस्तक वाचत बसली होती आणि तिच्या शेजारी गॅसवर दूध करपून काळं झालं. मी धावत आले. तिने आधी माझ्याकडे पाहिलं, मग धुराकडे. मी गॅस बंद केला.

तिच्या बॅगेत दाओची एक बाटली होती. मी इतके दिवस तिकडे काणाडोळा केला होता.

"उघड ती बाटली," मी म्हटलं. "तुझ्या ओळखीची आहे. तिचा तरी येईल."

"इथे? और बाबा?"

बाहेरच्या खोलीत बसलेले हे ते ऐकून उठले, उपरणं सावरलं. "मी जरा भोसले घाटावर जाऊन येतो," म्हणाले. सकाळीच जाऊन आले होते.

सरबताच्या ग्लासात तिने थोडी ओतली, नाकाशी धरली, डोळे मिटले. बराच वेळ. मग ग्लास माझ्याकडे सरकवला.

"तू सांग."

देवाची क्षमा मागून मी नाक घातलं. "आंबूस आहे."

"नीट घे ना, यार."

"जांभळं. टोपलीच्या तळाशी चेपलेली."

"आणि त्याच्या मागे?"

मागे काय असणार, असं म्हणणार होते. पण खरंच होतं. "पेन्सिलीला टोक केल्यावर येतो तो. आणि त्याच्याही मागे... पूर उतरल्यावर मुन्शी घाटाचा दगड धुतात ना, तसा."

मी पुन्हा पुन्हा वास घेत होते, बोलत होते. एका ग्लासात एवढं काय काय असतं, हे मला या वयात कळत होतं. पोरगी इतकी वर्षं कशासाठी जीव टाकत होती, तेही कळलं.

"शब्द सगळे कळतायत गं," ईशानी म्हणाली. "वास एकही आठवत नाही."

मी तिला जवळ घेतलं. दोघीही रडलो. दुसऱ्या दिवशी तिने कंपनीला कळवलं, येत नाही म्हणून.

आता ती घरीच असते. मी हिंगाची फोडणी घालते, सगळं घर दरवळतं, आणि मला त्याची लाज वाटते.