हर्षालीचा आकडा

गावाकडे आजीपाशी वाढलेली हर्षाली सुरतेत आली, तेव्हा तिला गुजरातीचा गंधही नव्हता. आजी वारली म्हणून आईबापांनी, रंजना आणि भटूने, पोरीला सुरतेतल्या नवागामला आणलं आणि घराजवळच्या गुजराती शाळेत घातलं. वर्षभर ती वर्गात गप्पच बसली. शेवटी बाईंनी सांगितलं, मुलीची बुद्धी तपासून घ्या.

तपासणीच्या वेळी रंजना मागे बसली होती. तपासणाऱ्या हेतलबेन स्वभावाने चांगल्या होत्या; पोरीला त्यांनी बिस्कीट दिलं, हसून बोलल्या. पण सगळे प्रश्न गुजरातीत, आणि आईने मध्ये तोंड घालायचं नाही. कुऱ्हाड, करवत, विळा आणि लाकूड अशी चित्रं पुढे आली. यातलं वेगळं कोणतं? हर्षालीने विळ्यावर बोट ठेवलं. कुऱ्हाड-करवत लाकडाची, विळा गवताचा. रंजनानेही मनात तेच म्हटलं होतं. हेतलबेननी फुली मारली. पोरीला ती दिसली. त्यानंतर तिने तोंडच उघडलं नाही.

बुद्ध्यांकाचा आकडा बासष्ट आला. शाळेने मंदबुद्धी मुलांच्या शाळेचा पत्ता हातात दिला.

रंजनाला आधी राग आला. मग हळूहळू तिच्याही मनात किडा वळवळू लागला. पोरीच्या हातून पाणी सांडलं तरी तिला आकडा आठवे. तिने पोरीला दुकानात पाठवणं बंद केलं. शेजारच्या मंगलाबाईंपुढे हर्षाली काही सांगू लागली, की रंजनाच घाईने तिचं बोलणं पुरं करून टाकी.

एका दुपारी हर्षालीने विचारलं, "माय, मी येडी शे का?"

दुसऱ्याच दिवशी रंजना हेतलबेनकडे गेली आणि मोडक्यातोडक्या गुजरातीत विळ्याचं सांगितलं.

"उत्तर बरोबर असेल," हेतलबेन म्हणाल्या, "पण पुस्तकात उत्तर लाकूड आहे, बाकी तिन्ही हत्यारं. मला विळा चूकच धरावा लागतो."

मग आमच्या अहिराणीत पुन्हा विचारा, असं रंजनाने विनवलं. अहिराणीत ही चाचणीच नाही, त्यातून आलेला आकडा कोणी मानणार नाही, असं त्यांनी समजावलं.

"मग तिला न समजणाऱ्या भाषेतला कसा मानला?"

हेतलबेननी कोरा कागद पुढे ओढला. मग मुलीला भाषा येत नव्हती, म्हणून बासष्टचा निष्कर्ष धरू नये, असं त्यांनी सहीनिशी लिहून दिलं. शाळेने ते वाचलं आणि तरीही तिला ठेवून घ्यायला नाही म्हटलं.

भटूने कारखान्यातून सुट्टी काढून सुरतेतल्याच डिंडोलीच्या मराठी शाळेत तिचं नाव घातलं. तिथे ती पास होते. पहिली येत नाही, शेवटचीही नाही. पण कोणी काही विचारलं, की उत्तर द्यायच्या आधी आईच्या तोंडाकडे बघते. रंजना तेव्हा ओठ घट्ट मिटून घेते आणि थांबते. कधीकधी फार वेळ थांबावं लागतं.