निळ्या पाहुण्याचा गुलाबी टब

मित्रांनो, मी एक जुना टब आहे. बाळाला आंघोळ घालायचा, प्लास्टिकचा. माझा रंग गुलाबी होता. आता उन्हाने विटून तो नेमका कोणता झालाय, ते मलाही सांगता येणार नाही. माझ्या काठावर दोन बदकं छापलेली होती. त्यातलं एक पुसून गेलं.

कुठल्याशा कारखान्यात गरम साच्यातून मी बाहेर पडलो आणि ट्रकमधून कट्टा गावच्या बाजारात आलो. तिथल्या दुकानदाराने मला बादल्यांच्या शेजारी दोरीने टांगलं. एसटीची वाट बघणारी माणसं मला टिचक्या मारून पुढे जायची. एके दिवशी आचऱ्याचे दत्तप्रसाद आले आणि मला स्कूटरवर बांधून घरी घेऊन गेले. त्यांच्या घरी बाळ येणार होतं.

त्यांच्या आई, सुभद्राबाई, मला बघून काही खूश झाल्या नाहीत.

"पोराक पायार घेवन न्हाणयतत रे. टबात कित्या? ता काय म्हशीचा रेडकू?"

पण बाळ आलं, आनंदी तिचं नाव, आणि हळूहळू मीही घरातला झालो. बाळंतिणीच्या खोलीत कोपऱ्यात माझी जागा होती. आनंदी माझ्या पाण्यात पाय आपटायची, तिची आई शर्मिष्ठा घाबरून तिची मान धरून ठेवायची. आनंदीला ताप आला की माझ्याच पाण्यात कपाळावरच्या पट्ट्या भिजायच्या. शर्मिष्ठा तेव्हा लेकीच्या छातीवर नजर लावून बसे. श्वास वर जातो, खाली येतो, पुन्हा वर जातो. ते बघताना ती स्वतः श्वास घ्यायला विसरायची.

मग आनंदी मोठी झाली आणि मी मागच्या पडवीत गेलो. माझ्यात करवंट्या साठल्या. एका कोंबडीने माझ्यात अंडी घालून बघितली. मला राग नाही आला, पण पाण्याची आठवण यायची.

दरम्यान बाहेरच्या खोलीत दत्तप्रसादांनी समुद्री माशांची मोठी काचेची टाकी मांडली होती. पावसाआधी समुद्राचं पाणी पिंपांत भरून, गाळून ठेवायचं, अशी त्यांची पद्धत. टाकीत दगड होते, एक लाल कोळंबी होती आणि नारिंगी माशांची एक जोडी. ती जोडी आनंदीची. शाळेतून आली की दप्तर पाठीवरच ठेवून ती आधी त्यांना हाक मारायची.

यंदा गणपतीच्या चवथीआधी दत्तप्रसादांनी शहरातून एक निळा मासा आणला. पिशवीत हवा भरलेली, आत निळू. हे नाव आनंदीनेच ठेवलं. ते पिशवी टाकीवर नेणार, तोच शर्मिष्ठाने त्यांचा हात धरला. जामसंड्याला तिचा भाऊ पुष्कर राहतो. त्याने असाच एक नवा मासा सरळ टाकीत सोडला आणि आठवड्याभरात जुने मासेही एकामागोमाग एक गेले. नारिंगी जोडीचं तसं झालं तर आनंदीला काय सांगायचं, हा विचार शर्मिष्ठाच्या डोक्यातून जात नव्हता.

म्हणून निळूला आधी वेगळं ठेवायचं ठरवून ती पडवीत आली. माझ्यातल्या करवंट्या ओतल्या, साबण न लावता मला कढत पाण्याने घासलं, उन्हात वाळवलं आणि आतल्या रिकाम्या खोलीत ठेवलं. कितीतरी दिवसांनी माझ्यात पाणी भरलं, आणि या वेळी चक्क खारं! हवेचा पंप गुरगुरू लागला. लपायला नळीचा तुकडा मिळाला आणि निळू त्यात शिरून बसला.

थोड्याच दिवसांत त्याच्या अंगावर पांढरे ठिपके आले, जणू कुणी साखर भुरभुरली. तो नळीला अंग घासायचा. खाणं सोडलं, कल्ले भरभर हलू लागले. शर्मिष्ठाने तांब्याचा अंश असलेलं औषध मापून माझ्या पाण्यात घातलं.

"त्याला मोठ्या टाकीत सोडून तिथेच औषध का नाही घातलं?" आनंदीने विचारलं.

"तिथे कोळंबी आहे ना राणी. माशाला बरं करणारं हे औषध कोळंबीला मारतं."

शर्मिष्ठा बॅटरीच्या उजेडात निळूचे कल्ले बघत बसायची. ही नजर माझ्या ओळखीची होती.

ठिपके गेले. निळू खाऊ लागला. चवथ तोंडावर आली, मुंबईचे पाहुणे यायचे होते, आणि घरात कुजबुज सुरू झाली.

"अगो, ठिपके गेले ना? मगे कित्याक ठेवतंस त्येका थंय?" दत्तप्रसाद म्हणाले.

सुभद्राबाईंनी तर कमरेवर हातच ठेवले. "चवतीक इलेलो पावणो मागल्या दारी ठेवतत काय गो? लोका काय म्हणतीत?"

"आई, ठिपके माशावरसून गेले, पाण्यातसून नाय. ते गळान तळाक जातत आणि वाढान परत येतत." शर्मिष्ठाने सांगितलं.

"तुझा पुस्तकातला माका सांगा नको."

शर्मिष्ठाने माझ्या काठावर हात ठेवला. मग म्हणाली, "आनंदी झाली तेव्हा तुम्ही माका ह्याच खोलयेत ठेवलात. माझी सख्खी आत्या इली, तिका खोकलो म्हणान दारातसून परत धाडलात. आमी दोघांय बरी होतंव, तरी."

सुभद्राबाई माझ्याकडे बघत राहिल्या.

"असा सांग ना मगे आधीच! माका मासे खावचे म्हायत, पोसूचे नाय. पण बाळंतीण माका कळता."

त्या दिवसापासून दाराशी पहारा बसला. पाहुणे डोकावले की आवाज यायचा, "पाय भायर! आत बाळंतीण आसा."

"कोण गो?"

"मासो!"

सगळं घर हसायचं.

पण चवथीच्या गडबडीत एक चूक झाली. माझं पाणी बदललं गेलं आणि त्या मापाने औषध पुन्हा घालायचं राहिलं. आरतीची तयारी चालू असताना सुभद्राबाई निळूला बघायला आल्या, वाकल्या, चष्मा पुसून पुन्हा वाकल्या.

"शर्मिष्ठा, हय ये गो. साखर परत इली."

शर्मिष्ठा पिठाच्या हातांनी धावत आली. सुभद्राबाई दारातून बाहेरच्या खोलीतल्या टाकीकडे बघत होत्या. तिथे नारिंगी जोडी निवांत फिरत होती.

"आणि मी ह्येका थंय सोडूक सांगी होतंय," त्या हळूच म्हणाल्या.

पुन्हा औषध, पुन्हा पहारा. गणपती गेले, पाहुणे गेले, भातं पिकायला आली. निळू स्वच्छ झाला, गुटगुटीत झाला. औषधाचा सगळा काळ संपला, त्यावरही बरेच दिवस गेले. तरी शर्मिष्ठा रोज जाळी हातात घ्यायची आणि खाली ठेवायची. आजचा दिवस राहू दे, म्हणायची. शेवटी सुभद्राबाईच तिच्या शेजारी येऊन बसल्या.

"तो बरो झालो गो. आता आजारी तू आसस. सोड त्येका."

शर्मिष्ठाने निळूला उचललं. जाळीतून पडणारं माझं पाणी टाकीत जाऊ नये म्हणून तिने ते आधी निथळू दिलं. मग टाकीत हात बुडाला. निळू दगडामागे गेला. नारिंगी जोडी त्याच्याकडे आली, थबकली, बाजूला झाली. आनंदीचं नाक काचेला चिकटलेलं होतं. शर्मिष्ठाने मोठा श्वास घेतला.

मित्रांनो, घरात नवा जीव आणलात तर त्याला आधी थोडं वेगळं ठेवा, पण एकटं ठेवू नका. तो बरा दिसला म्हणून घाई करू नका, आणि खरंच बरा झाला की मुठीत धरून ठेवू नका.

मला धुऊन अंगणातल्या गडग्यावर, म्हणजे दगडी कुंपणावर, उपडं घातलंय. माझ्यात पाणी भरलं जाईल तेव्हा कुणीतरी आजारी असेल किंवा कुणीतरी नवं आलेलं असेल. नवं आलं तर मला जरूर हाक मारा. नाहीतर असाच ऊन खात पडू द्या. फक्त भंगारवाल्याला देऊ नका.