माझ्या भिंगातली रेघ

साहेब, त्या पोरीची डिग्री तुम्ही खाल्लीत. तुमचं नाव मला ठाऊक नाही, खुर्ची तेवढी ठाऊक आहे. त्या खुर्चीवरून दर वर्षी एकच उत्तर येतं: सध्या निधी नाही. सरकारी कॉलेज म्हटलं की तुमचा निधी नेमका कुठे गावाला जातो?

मित्रांनो, दचकू नका. मी एक जुना सूक्ष्मदर्शक आहे. आपली कहाणी गोड बोलून सुरू करावी हे मलाही कळतं, पण जीभ वळत नाही.

माझा जन्म अंबाल्याचा. तिथल्या कारागिरांनी पितळ घासलं, काच घासली, मला घडवलं आणि खोक्यात घालून बेंगळुरूला धाडलं. येलहंक्याकडच्या एका सरकारी पीयू कॉलेजात, म्हणजे तुमच्या अकरावी-बारावीच्या कॉलेजात, मी उतरलो. तेव्हा आम्ही बरेच भाऊ होतो. फडताळ भरून जायचं. पिराजी नावाचा अटेंडर आम्हाला मऊ फडक्याने पुसायचा. तो निपाणीकडचा, माझी मराठी त्याच्याकडूनच आली. "काय एकडोळ्या, आज किती पोरांना घाबरवलंस?" असं विचारायचा. पेशी पहिल्यांदा बघून पोरं खरंच ओरडायची. ते ऐकायला मी जगत होतो.

मग एकेक भाऊ दुरुस्तीला गेला, तो परतलाच नाही. पिराजी निवृत्त झाला, त्याची जागा रिकामीच राहिली. एका निवडणुकीला आमची खोली मतदानासाठी घेतली आणि आम्हाला बाकाखाली ढकललं. त्या ढकलाढकलीत माझ्या वरच्या भिंगाला तडा गेला. स्लाइडची पेटी उपडी झाली आणि धड अशी एकच स्लाइड उरली, कांद्याच्या मुळाची. पवित्रा मॅडमनी नवं भिंग मागितलं. उत्तर तुम्हाला माहीतच आहे.

पवित्रा मॅडम वाईट नव्हेत. त्या गेस्ट लेक्चरर. सकाळी इथे, दुपारी दुसऱ्या कॉलेजात, मधे बस. वर्गभर पोरं आणि मी एकटा. म्हणून त्या फळ्यावर पेशी काढायच्या आणि पोरं फळ्यावरून वहीत उतरवायची. माझ्यासमोर रांग लागायची ती फक्त 'बघितलं' म्हणण्यापुरती.

सिद्धी मात्र वर्ग सुटला तरी थांबायची. घरी मराठी बोलणारी पोर. तिची आई कस्तुराबाई बसस्टँडमागे चपात्या लाटून विकते. सिद्धीला सूक्ष्मजीवशास्त्र घेऊन बी.एस्सी. व्हायचं होतं. त्यांच्या घरातली ती पहिली डिग्री झाली असती.

"एवढा डोळा लावून काय बघतेस गं?" कार्तिक तिला चिडवायचा. "पेशीविभाजनाची अवस्था मेटाफेज, एवढं लिहायचं आणि सुटायचं. परीक्षेत दर वर्षी तेच येतं. मी तर डोळा मिटूनच बघतो."

"म्हणून तुला सगळीकडे अंधार दिसतो," ती म्हणायची.

एकदा तिने मॅडमना विचारलं, "मॅडम, पेशीच्या मधोमध ही रेघ कसली?"

मॅडम पर्स घेऊन दारात होत्या; घाईत तडा विसरून कानडीत 'ठीक, ठीक' म्हणाल्या. "सरी, सरी, बरोबर दिसलं तुला. पेशीचे दोन भाग होताना शेवटी मधे भिंत येते. तीच ती. मला बस आहे ग!"

मी आतल्या आत किंचाळलो. अगं, ती भिंत नाही, तो माझा तडा आहे! पण दुसरी स्लाइड असती तरच तिला कळलं असतं की रेघ सगळीकडे तीच दिसते. दुसरी स्लाइड नव्हती. दुसरा सूक्ष्मदर्शक नव्हता. फळ्यावर तर तडा नव्हताच.

प्रात्यक्षिक परीक्षेला बाहेरचे परीक्षक स्वतःच्या स्लाइड घेऊन आले. कार्तिकने नेहमीसारखा डोळा मिटला, मेटाफेज लिहिलं आणि बरोबर आलं. सिद्धीने डोळा लावला. पेशीत रंगसूत्रं मधोमध जमली होती, म्हणजे मेटाफेजच, आणि माझा तडा नेमका त्यांच्यावरून गेला. तिने लिहिलं, शेवटची अवस्था, टेलोफेज.

"नीट बघ," परीक्षक म्हणाले.

"बघितलं सर. मधे भिंत आहे."

"वाद घालतेस?"

"नाही सर. दिसतंय ते सांगते."

तोंडी परीक्षाही तिथेच बुडाली. मॅडम धावत आल्या, माझ्यात डोकावल्या आणि पांढऱ्या पडल्या. "सर, भिंगाला तडा आहे हो."

"मग तड्याला मार्क देऊ? बाकीच्यांना हाच होता ना? त्यांना कसं आलं?"

त्यांना आलं, कारण त्यांनी बघितलंच नव्हतं. मित्रांनो, हे नीट ऐका. ज्याने डोळा मिटला तो पास झाला. जिने उघडला तीच मागे पडली.

जवळच्या सरकारी डिग्री कॉलेजात तिचा सूक्ष्मजीवशास्त्राचा विषय बंद केलाय, प्रयोगशाळा नाही म्हणून. शहरातल्या ज्या सरकारी कॉलेजात तो उरलाय, तिथे जागा मूठभर. तेवढ्याच मार्कांनी सिद्धीचं नाव खाली राहिलं. खाजगी कॉलेजच्या फाटकातून कस्तुराबाई आत गेली, फी ऐकली आणि तशीच बाहेर आली.

परवा सिद्धी गुणपत्रिका न्यायला आली. माझ्याजवळ थांबून तिने ओढणीने माझं भिंग पुसलं. पिराजीनंतर मला कुणी असं पुसलं नव्हतं.

"बोम्मसंद्र्याच्या कारखान्यात लागले रे," ती हळूच म्हणाली. "दिवसभर सूक्ष्मदर्शकाखाली मोबाइलच्या सर्किटचे टाके तपासायचे. तिथला कसला चकाचक आहे! जरा ओरखडा दिसला की लगेच नवं भिंग देतात." मग हसली. "तुझ्यावर राग नाही माझा."

तिचा नसेल. माझा आहे. साहेब, मोबाइलच्या टाक्यासाठी ज्या पोरीच्या डोळ्यापुढे निर्मळ भिंग ठेवता येतं, तिच्याच डोळ्यापुढे शिकताना ते का ठेवता आलं नाही?

मित्रांनो, तुमच्या शाळेत माझा एखादा भाऊ असेल तर त्याला पुसा. पण नुसत्या पुसण्याने तडा जात नाही. भिंग मागा, मोठ्याने मागा.

नवी बारावी भरली आहे. आत्ता आर्या नावाची मुलगी माझ्यावर डोळा लावून बसली आहे. वर्ग सुटला तरी हलत नाही. मॅडम पर्स उचलताहेत, आणि ती विचारते आहे, "मॅडम, मधोमध ही रेघ कसली?"

सांगा साहेब. तुम्हीच सांगा तिला, ही रेघ कुणी ओढली?